एक बी परत ठेवली, त्याची गोष्ट

‘लोणावळा सोडून कुठेही!’ या वेळी आमच्या ग्रुपची एवढी एकच अट होती. मग एकानं आहुप्याचं नाव काढलं. देवराई बघायची, गावातला वाटाड्या घेऊन दोन-तीन तास चालायचं, पिठलं-भाकरी हाणायची आणि परत. एप्रिल संपत आलेला. मी खास सनस्क्रीनची नवी ट्यूब घेतली. खरं सांगते, देवराईत ती उघडावीच लागली नाही.

आहुपे भीमाशंकर अभयारण्याच्या उत्तरेकडच्या भागात, घाटमाथ्याच्या अगदी कडेवर आहे. गाव संपलं की थेट कोकणात कोसळणारे कडे आणि खाली गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. वस्ती महादेव कोळ्यांची. आम्ही पोचलो तेव्हा अंगणाअंगणात बाळहिरडा वाळत पडला होता. वर्षाची रोख कमाई म्हणजे तोच.

देवराईच्या तोंडाशी मामांनी (आमचे वाटाडे) चपला काढल्या. आमच्या शूजच्या लेसकडे बघून हसले. म्हणाले, ‘तुमचं राहू द्या. पण आतलं काय बाहेर न्यायचं नाही. काडीपण नाही.’

आत पाऊल टाकलं आणि कुणीतरी एसी ऑन केल्यासारखं वाटलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत हिरवा अंधार. पायाखाली पाचोळ्याची जाड गादी. वर शेकरूनं एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेतली, आम्ही कॅमेरा काढेपर्यंत पसार. आणि मग ती दिसली, गारंबी! वेल म्हणायचं तिला, पण खोड माझ्या मांडीएवढं. वर लटकलेल्या शेंगा चांगल्या हातभर लांब. खाली एक बी पडली होती. चॉकलेटी, गुळगुळीत, तळहातात मावेल अशी. डेस्कवर पेपरवेट म्हणून काय दिसेल यार! मी हळूच खिशात टाकली.

‘ताई, खिशातलं खाली ठेवा.’

‘मामा, एकच तर आहे.’

‘एकच म्हणूनच सगळे नेतात. आमची म्हातारी सरपणाला कोसभर जायची. पण इथली पडकी फांदी कधी चुलीत गेली नाही.’

कान गरम झाले. बी खाली ठेवली. पण मामांचं वाक्य डोक्यातून जाईना. पावसाळ्यातल्या रात्री इथलं जंगल चमकतं, ते फोटो आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केलेत. चमकते ती कुजक्या लाकडावरची बुरशी. फांदी चुलीत गेली असती तर चमकायला उरलं काय असतं? हाच पाचोळा, हेच कुजणारं लाकूड पावसाचं पाणी धरून ठेवतं. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून अभ्यासल्या. तेव्हा श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाला आपली राई तोडली जाऊ नये असं वाटत होतं, ते गावचा ओढा तिच्यामुळे वाहतो म्हणून. देवाचा धाक आणि पाण्याचा हिशेब, दोन्ही एकाच नियमात!

आता धाक कमी होतोय. कित्येक ठिकाणी देवाला सिमेंटचं मोठं देऊळ हवं म्हणून देवाचीच झाडं पडली. आणि आपण? पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लावतो, टॉर्च मारतो, फ्लॅश पाडतो. काजवे उजेडाच्या खुणेनं जोडीदार शोधतात. आपल्या टॉर्चपुढे ती खूण दिसणार कशी?

निघताना मी विचारलं, ‘मामा, पुढच्या पोरांना हे सगळं पटेल?’

‘पोरं पुण्याला, कंपनीत,’ मामा म्हणाले. ‘सुट्टीला येतात. त्यांना पण मीच फिरवतो.’

आम्ही ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले. मामांनी मोजून जास्तीचे परत केले. म्हणाले, ‘पुन्हा या, तेव्हा द्या.’

जायचं कसं? पुणे-नाशिक रस्त्यानं मंचर, तिथून घोडेगाव, डिंभे धरणावरून आहुपे. गाडीनं चार तास धरा.

हे कराच : गावातलाच वाटाड्या घ्या, जेवणही गावातच सांगा. अभयारण्याचे नियम आधी विचारून घ्या.

हे नको : स्पीकर, प्लॅस्टिक, फ्लॅश. आणि खिशात बी!