सासूबाईंच्या वाटणीचे मासे

सासूबाईंचं माहेर मुरुडचं. जंजिऱ्याचं मुरुड निराळं. हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, हर्णै बंदराशेजारचं लहानसं मुरुड. १९९१ साली लग्न होऊन मी साताऱ्याला आले, तेव्हापासून या गावाबद्दल ऐकत होते, पण जाणं काही होत नव्हतं. मुलांच्या परीक्षा, ह्यांची रजा, कुणाचं तरी आजारपण. शेवटी २०१८ च्या जानेवारीत सासूबाईच म्हणाल्या, "एकदा दाखवून आणा रे. सत्त्याहत्तर पुरी झाली मला." त्या सहसा काही मागत नाहीत. त्यामुळे पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं निघालो.

साताऱ्याहून उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि मग चिपळूण, खेड, दापोली. वाटेत ह्यांनी महर्षी कर्व्यांची गोष्ट काढली. धोंडो केशव कर्वे मुरुडातच वाढले. मुलगा असताना परीक्षेसाठी ते भर पावसात सह्याद्री ओलांडून मुरुडहून साताऱ्याला पायी आले होते. जवळजवळ ११० मैल! आणि इतकं चालून आल्यावर "तू वयाने लहान दिसतोस" म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आमच्या गावची माणसं चिवट असतात."

आसूदचा उतार लागला आणि त्या खिडकीशी सरकून बसल्या. नारळी-पोफळी दाट झाल्या, हवेत खारा वास आला. मुरुडचा रस्ता सरळ, दोन्ही अंगांना घरं, घरांमागे वाड्या, आणि एका बाजूच्या वाड्या संपल्या की थेट समुद्र. दारात मामी, म्हणजे सासूबाईंच्या वहिनी, काठी टेकत उभ्या होत्या. "वन्सं, आलात एकदाच्या!" एवढंच म्हणाल्या आणि दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

रात्री पानं मांडली. भात, सोलकढी, कोळंबीचं कालवण. मामी डाव घेऊन सासूबाईंच्या पानाशी आल्या तशी मी घाईने म्हणाले, "मामी, आईंना नको. त्यांना मासे आवडत नाहीत."

मामींचा हात तसाच थांबला. "कुणाला आवडत नाहीत? वन्संना? अगं, घरात मुडदुशा आल्या नाहीत तर या जेवायला बसायच्या नाहीत!"

"राहू दे वहिनी," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "ह्याचे वडील गेले तेव्हा सुटलं ते."

"सुटलं, का सोडायला लावलं?" मामींनी विचारलं. "वन्संचे दादा जाऊन बारा वर्षं झाली. दाराशी समुद्र आहे. मी नाही बाई सोडले."

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी आमटी-भात कालवला.

रात्री मी ह्यांना विचारलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाबा ८२ साली गेले. तेराव्यानंतर चुलतआजी स्वयंपाकघरात म्हणाली होती, आता हिच्या पानात वशाट वाढायचं नाही. मी ऐकलं होतं. सतरा वर्षांचा होतो. वाटलं, असेल काहीतरी बायकांचं."

मला झोप लागेना. माझं माहेर फलटणचं, मला मासे कुठले करता यायला! सगळं मी सासूबाईंकडून शिकले. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत. कल्ले उघडून बघायचे, लालबुंद असले तर ताजा, तपकिरी झाले तर शिळा. अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. पापलेटला कल्ल्याजवळ दाबून बघायचं, पांढरं पाणी आलं पाहिजे. बर्फातून साताऱ्याला आलेले मासे त्या स्वतः निवडत, खवलं काढत, हळद-मीठ लावून ठेवत. मग बाजूला होत. "आई, चव बघता का?" म्हटलं की म्हणत, "वासावरून कळतं मला." याचं मला भारी कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगत असे, "आमच्या सासूबाई मासे खात नाहीत, पण नुसत्या वासावरून मीठ ओळखतात!"

सकाळी आम्ही दुर्गादेवीला गेलो. देवळाच्या लाकडी खांबांवरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. गावात कर्व्यांचा पुतळाही आहे. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं ठरवून १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. त्याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. 'माझे पुराण' हे आत्मचरित्र त्यांचंच. या लग्नानंतर मुरुडकरांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. ते येऊन घरी उतरले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं, असा ठराव केला. पुढे १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं, १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. ज्या गावाने वाळीत टाकलं तेच गाव आता त्यांचं नाव अभिमानाने सांगतं.

हे सगळं मी शाळेत पाठ केलेलं. निबंधात लिहून मार्कही मिळवलेले. पण पुतळ्यापुढे उभी असताना मनात भलतंच आलं. निदान मुरुडात सभा तरी भरली होती. आमच्या घरात ना सभा, ना ठराव. चुलतआजी एक वाक्य बोलली आणि गेली. ती जाऊनही किती वर्षं झाली! तिच्यानंतर ते वाक्य पाळलं कुणी? दर रविवारी सगळ्यांना तळलेला तुकडा वाढून सासूबाईंपुढे वरणाची वाटी ठेवणारी मीच ना?

दुपारी चहा झाल्यावर मी म्हणाले, "आई, हर्णैला लिलाव बघायला येता?" त्या लगेच उठल्या. कुठलं पातळ नेसू, हेही विचारलं नाही.

हर्णैचा लिलाव वाळूवरच चालतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. बोटी जरा आत नांगरलेल्या. त्यांच्यातली मासळी लहान होड्यांतून नि बैलगाड्यांतून किनाऱ्याला येत होती. बैल पोटापर्यंत पाण्यात! सुरमई, बांगडा, पापलेट, कोळंबी, माकुल यांचे ढीग ओतले जात होते आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं. बोली इतक्या भराभर वाढत होती की मला एक शब्द कळेना. लिलावात घेतलेल्या मालाचे वाटे मांडून बायका पलीकडे बसल्या होत्या. सासूबाईंनी चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूतून सरळ तिकडेच चालू लागल्या. त्या गर्दीतून मलाच त्यांच्यामागे धावावं लागलं.

एका वाट्यापुढे त्या उकिडव्या बसल्या. मुडदुशाच होत्या, बोटाएवढ्या लांबट, चकचकीत. एकीचा कल्ला उघडून पाहिला.

"सकाळचा माल आहे हा," त्या विकणारीला म्हणाल्या.

"नाही हो मावशी, आत्ता होडीतून उतरवलाय!"

"मला नको सांगूस. मी मुरुडची आहे."

ती हसली, मागच्या टोपलीतल्या काढून दिल्या आणि भावही पन्नासाने उतरवला. इतक्या वर्षांत सासूबाईंना असं ठणकावून बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

रात्री कालवण मी केलं, मुडदुशा मामींनी तळल्या. नाजूक मासा, तांदळाचं पीठ जेमतेम लावायचं आणि फार परतायचं नाही. पानं मांडली. मी विचारणार होते, शब्दही जुळवून ठेवले होते. पण त्याआधी हेच उठले. परातीतल्या दोन मुडदुशा घेऊन त्यांनी आईच्या पानात वाढल्या, शेजारी कालवण वाढलं. हात थोडा थरथरत होता. "आई, मी तेव्हाच बोलायला हवं होतं," म्हणाले.

सासूबाई कितीतरी वेळ पानाकडे बघत होत्या. मग त्यांनी एक तुकडा मोडला, काटा बरोबर काढला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. भाताशी कालवण कालवलं, एक घास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तू कालवणात चिंच घालतेस!"

"हो आई, नेहमीच घालते."

"वासावरून शंका यायची मला. पण खात नाही तर बोलायचं कसं? कालवणाला आमसूल हवं. आणि मीठही जरा कमीच आहे."

मामी हसता हसता डोळे पुसू लागल्या. मी उठून मिठाची वाटी आणली. दुसरं काय करणार?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, ते दोन महिने सोडले तर आमच्याकडे रविवारी मासे असतात आणि पहिला तुकडा सासूबाईंच्या पानात जातो. आपण किती सहज म्हणतो, "आमच्या आईंना अमुक आवडत नाही, तमुक चालत नाही." मैत्रिणींनो, त्यांना एकदा विचारून बघा. मी मात्र विचारायला सत्तावीस वर्षं लावली, आणि तोवर आमचं कालवण चिंचेचंच राहिलं. आता फडताळात आमसुलाची बरणी असते. संपत आली की सासूबाईच मुरुडला फोन लावतात.