केळीचा चीक

रविवार, रात्र. धुळे.

उपासना आटोपून दुपारी जळगावकडे मावसभावाच्या मळ्यात गेलो. कांदेबागेत तो विळ्याने केळीची पिलं कापत होता. "ही ठेवली तर घड पोसत नाही, दादा." कापताना चीक माझ्या बाहीवर उडाला. तो डाग आता निघायचा नाही.

बाप्तिस्म्याला 31 वर्षं झाली. थोरल्या भावाशी बांधावरून अबोला, त्याला चार. प्रभुभोजन मात्र एकदाही चुकवलं नाही, हे मला फार बोचतं.

लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. मधली वर्षं त्या रडल्या, भांडल्या, सोवळं पाळलं. आणि शिवाशिव मनातून गेली ती बाप्तिस्म्याआधीच. पाणी डोक्यावर पडण्याआधी आत मुरलं होतं. माझं उलट झालं.

पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा थोरल्याला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तोच आवाज, थोडा थकलेला: "बोल रे."

शब्द सुचेनात. "जेवलास का?" एवढंच विचारलं.