जुहूच्या वाळूतले निळे फुगे

मैत्रिणींनो, मुंबईला गेलं म्हणजे जुहूला जाणं आलंच! यंदा राखीपौर्णिमेला आम्ही ह्यांच्या बहिणीकडे पार्ल्याला गेलो होतो. ओवाळणी झाली, नारळीभात झाला. दुपारी पावसाने उघडीप दिली, तशी मुलांना घेऊन वन्सं आणि मी चौपाटीवर गेलो.

भरती ओसरली होती. ओल्या वाळूवर जागोजागी बोटभर लांबीचे, काचेसारखे निळे फुगे पडले होते. प्रत्येकाला निळ्या लोकरीचा धागा उसवावा तशी शेपटी. आमच्या सात वर्षांच्या धाकटीने एक उचलला आणि किंचाळलीच. धागा मनगटाला चिकटला होता आणि त्याखाली लाल वळ उठला होता.

मी काय केलं सांगू? ओल्या वाळूने मनगट खसाखसा चोळलं, वर बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं. पोर आणखीच कळवळली. तेवढ्यात किनाऱ्यावरचा जीवरक्षक धावत आला. “बाई, चोळू नका!” त्याने समुद्राच्याच पाण्याने हात धुतला, रुमालात धरून धागा अलगद सोडवला. घरी आल्यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात वन्संनी वीस मिनिटं तिचा हात बुडवून ठेवला, तेव्हा कुठे ठणका उतरला.

“आई, मी त्याला काय केलं होतं गं?” तिने रात्री विचारलं. मी शाळेत मराठी शिकवणारी, काय सांगणार? परत आल्यावर विज्ञानाच्या बाईंकडून पुस्तकं आणली आणि वाचून थक्क झाले.

ह्याला ब्लू बॉटल म्हणतात. शास्त्रीय नाव फायसॅलिया. दिसायला एक प्राणी, पण खरं म्हणजे ते एक मोठं एकत्र कुटुंब! एका अंड्यापासून फुटलेले पुष्कळ जीव एकमेकांना जोडलेले असतात. एकाने फुगा होऊन तरंगायचं, काहींनी शिकार धरायची, काहींनी पचवायची, काहींनी वंश वाढवायचा. धरणाऱ्याला पोट नाही, पचवणाऱ्याला लांब हात नाहीत. वेगळं बिऱ्हाड करायची सोयच नाही!

शिकारीचं सगळं बळ त्या धाग्यात असतं. त्यावर असंख्य डंखपेशी असतात. प्रत्येकीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळलेली पोकळ नळी आणि आत प्रचंड दाब. स्पर्श होताच, पापणी लवायच्या आत नळी सुटून अंगात घुसते आणि विष सोडते. छोटा मासा लुळा पडतो. धागा आकसून त्याला वर ओढतो. पचवणारी तोंडं त्याला चिकटून पाचकरस सोडतात आणि तयार झालेलं अन्न साऱ्या कुटुंबाला पोचतं.

माशाचं अंग काय नि पोरीचं मनगट काय, पेशी सुटतेच. प्राणी मेला तरी सुटते! न सुटलेल्या पेशीही चोळल्याने सुटतात. म्हणजे लेकीचं दुखणं मीच वाढवलं होतं.

ह्या प्राण्याला पोहता येत नाही. फुग्याचं शीड करून तो वाऱ्यावर जातो, म्हणून पावसाळी वाऱ्याने किनाऱ्याला लागतो. 2018च्या ऑगस्टमध्येही मुंबईत कितीतरी जणांना त्याचा डंख बसला होता.

तेव्हा जुहूला जरूर जा, भेळही खा. पण पावसाळ्यात मुलांच्या पायांत चपला असू द्या आणि निळ्या फुग्याला हात लावू देऊ नका. डंख बसलाच तर समुद्राचं पाणी, मग गरम पाणी. श्वास लागला, चक्कर आली किंवा अंग सुजलं, तर तडक डॉक्टरांकडे जा. आणि माझ्यासारखं चोळत मात्र बसू नका!