क्रकचाची निवड

संसारोपयोगी वस्तूंची निवड हा या मासिकाच्या वाचकांस अपरिचित विषय नाहीं. पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, चूल जाऊन गॅस आला, तेव्हां प्रत्येक वेळीं कोणता घ्यावा आणि किती मोठा घ्यावा याचा खल आमच्या घरांत ओटीपासून माजघरापर्यंत झालेला आहे. परंतु मोठमोठे वृक्ष पाडणारी यांत्रिक करवत कोणती घ्यावी, हा प्रश्न एखाद्या कुटुंबापुढें उभा राहील, असें शहरांतील वाचकांस सहसा वाटणार नाहीं. कोंकणांत वाडी असलेल्या आमच्यासारख्या एकत्र कुटुंबापुढें तो उभा राहिला, आणि तब्बल दोन महिने जेवणाच्या पंक्तीला त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

अमरकोशानें करवतीला क्रकच आणि करपत्र असे दोन शब्द दिले आहेत. आपला करवत हा शब्द त्या करपत्रापासूनच आला. आमच्या गांवीं मात्र या नव्या यंत्राला कोणी क्रकच म्हणत नाहीं, साखळी-करवतही म्हणत नाहीं. सगळे नुसतें 'कटर' म्हणतात. जन्मभर मुलांस रूपावलि घोकायला लावली तरी गड्याशीं बोलतांना आम्हीही 'कटर'च म्हणतों.

ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनें किनाऱ्यावर आलें, तेव्हांपासून हा शब्द आमच्या घरांत राहावयास आला. त्या दिवशीं दुपारी कांहीं तासांत सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या वाडींतील दोन फणस, एक किंजळ आणि मागील दारचा मोठा ऐन मुळांसकट उन्मळले. टाळेबंदीचे दिवस, वीज नाहीं, वाट नाहीं, आणि कटरवाला मिळेल तर शपथ. आठवड्यानें एक मिळाला, त्याच्यापाशीं बाजारांतील स्वस्तांतलें यंत्र होतें. तें कोणत्या कंपनीचें होतें हें सांगण्यांत अर्थ नाहीं. अर्धा तास चालावें आणि पाऊण तास रुसावें असा त्याचा क्रम होता.

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. उन्मळलेल्या झाडाच्या बुंध्याशीं मुळांत गुंतलेला मातीचा प्रचंड गड्डा उभा असतो, आणि खोडाच्या भारानें तो तसाच तोललेला राहतो. बुंध्याजवळ खोड तोडलें कीं तो भार नाहींसा होतो, आणि गड्डा उलटून पुन्हां आपल्या खड्ड्यांत जाऊन बसतो. फणसाचें खोड सुटलें तेव्हां तें कित्येक मणांचें मूळ डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सरळ उभें राहिलें. त्या खड्ड्यांत आमच्या घरांतील दोन मुलें पाव तासापूर्वीं खेळत होतीं. त्यांस आंघोळीला हांक मारून वहिनींनीं नेलें नसतें तर काय झालें असतें, हें त्या दिवसापासून घरांत कोणीही बोलून दाखवीत नाहीं.

तेव्हांपासून आमच्या पुतण्यानें ध्यास घेतला कीं, घरचें यंत्र हवें, आणि तें मोठें हवें. तो कृषि पदवीधर आहे, वाडी तोच पाहतो, आणि यंत्राची त्याची समज आमच्यापेक्षां निःसंशय अधिक. त्याच्या डोळ्यांपुढें होता गोठ्यावर झुकलेला जुना रायवळ आंबा. आम्हीं स्वतः दोरीनें मोजला. घेर १२॥ फूट भरला, म्हणजे व्यास सुमारें ४८ इंच. आजोबांच्या आठवणींतही तो मोठाच होता. गेलीं दोन वर्षें त्याच्या फांद्या वाळूं लागल्या, बुंध्याशीं भुसा पडूं लागला. भिरूड लागला होता.

या भिरूडाची एक नवलाची गोष्ट पुतण्यानेंच आम्हांस सांगितली. साखळी-करवत तशी बरीच जुनी. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी करवत केली; तिचें वजन पन्नास किलोच्या आसपास, आणि उचलावयास दोन माणसें. पण साखळीचे दांत तेव्हां साध्या करवतीसारखे असत, आणि ते लवकर बोथट होत. १९४६ सालीं अमेरिकेंत ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाचा लांकूडतोड्या एका बुंध्यापाशीं बसला असतां, भुंग्याची अळी लांकूड कशी पोखरते, हें त्यानें पाहिलें. ती सरळ जात नव्हती. जबड्यानें एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे तासीत जात होती. त्यानें तशाच आंकड्यासारख्या वळलेल्या दांतांची साखळी केली, एक दांत डावा, एक उजवा, आणि १९४७ पासून ती विकूं लागला. आजही जगांतील बहुतेक साखळ्या त्याच घडणीच्या आहेत. म्हणजे आमच्या आंब्याला आंतून पोखरणारा जो भिरूड, त्याच्याच जातभाईची विद्या घेऊन आम्ही त्याला बाहेरून कापावयास निघालों होतों!

आतां निवडीविषयीं. धंदेवाईक यंत्रांचे, आमच्यासारख्यांस समजतील असे तीन वर्ग आहेत. सर्वांत थोर वर्गांत श्टीलचें एमएस ८८१ येतें. त्याच्या सिलिंडरचें माप १२१ घनसेंटीमीटरांहून थोडें अधिक, आणि पट्टी व साखळी न धरतां वजन सुमारें १० किलो. मधल्या वर्गांत ९० घनसेंटीमीटरांच्या आसपासचीं, साडेसात-आठ किलोंचीं. तिसऱ्यांत ७० च्या आसपासचीं, हुस्कवार्नाच्या ५७२ एक्सपीसारखीं, साडेसहा किलोंचीं. दांतांची साखळी जिच्याभोंवतीं फिरते त्या पट्टीला कारागीर 'बार' म्हणतात. पट्टी जितकी लांब तितकें इंजिन मोठें हवें. लहान इंजिनाला लांब पट्टी लावली तर साखळी लांकडांत गुदमरते, आणि दांतांना तेलही पुरत नाहीं.

पुतण्याचें म्हणणें, "काका, आंबा ४८ इंचांचा; ३६ इंचांची पट्टी हवीच, आणि ती हवी तर सर्वांत मोठें यंत्र हवें." वरवर पाहतां हा न्याय बिनतोड दिसतो. परंतु मोठें खोड दोन्ही बाजूंनीं कापतात, आणि जाणत्या हातांत २५ इंचांच्या पट्टीनेंही त्याच्या दुप्पट नाहीं तरी दुपटीच्या जवळपास जाणारें खोड कापतां येतें. दुसरें असें, कीं झाड पाडणें हें पांच-दहा मिनिटांचें काम. फांद्या छाटणें आणि ओंडके करणें हें दिवसभराचें. तें दहा किलोंचें यंत्र, वर पट्टीचें वजन, कमरेइतक्या उंचीवर धरून सायंकाळपर्यंत करावयाचें आहे. थकलेल्या माणसाचे हात खालीं येतात, पट्टीचें टोंक भलत्या ठिकाणीं टेकतें, आणि मग जें होतें त्याला 'किकबॅक' म्हणतात.

हा प्रकार विस्तारानें सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें, कारण कटर वापरणाऱ्या पुष्कळांस तो ठाऊक नसतो. पट्टीच्या टोंकाचा वरचा चतुर्थांश भाग चालू असतांना कशाला लागला, तर साखळी लांकडांत अडकते आणि सर्व वेग उलटून यंत्रच माणसाकडे येतें. मान आणि चेहरा यांच्या रोखानें. हें इतक्या लवकर होतें कीं, हात काढून घेण्यास अवसर नसतो. म्हणून चांगल्या यंत्राला पुढच्या मुठीसमोर ढालीसारखा दांडा असतो. यंत्र उसळलें कीं तो दाबला जातो आणि साखळी तत्काळ थांबते. स्वस्त यंत्रांतही असा दांडा दिसतो, पण तो खरोखर थांबवितो कीं नुसता शोभेचा आहे, हें दुकानांतच चालवून पाहावें. त्याचप्रमाणें मुठी आणि इंजिन यांच्यामध्यें स्प्रिंगा आहेत कीं नाहींत हेंही पाहावें. वर्षानुवर्षें थरथर सोसलेल्या हातांचीं बोटें थंडींत पांढरीं पडतात, बधिर होतात, आणि तें दुखणें मग सहसा परत फिरत नाहीं.

वहिनींनीं इतका वेळ ऐकून घेऊन एकच विचारलें, "भाऊजी, त्याच्या पायाला काय?" सर्व चर्चेंत हा प्रश्न आम्हां पुरुषांपैकीं कोणाला सुचला नव्हता. चौकशी करतां कळलें कीं, या कामासाठीं निराळी विजार असते. तिच्या आंत लांब, चिवट तंतूंचे थर असतात. साखळी कापडाला लागली कीं ते तंतू ओढले जाऊन दांत्याच्या चाकांत गुंततात आणि यंत्र बंद पडतें. शिवाय जाळी आणि कानटोप असलेलें शिरस्त्राण हवें, कारण आवाज शंभर डेसिबलांच्या वर जातो. आमच्याकडील कटरवाले लुंगी आणि रबरी चपला यांवर हें काम करतात. वहिनींनीं सांगून टाकलें: आधीं विजार, मग यंत्र. या अटीवर दादांनींही मान हलविली, आणि मोठ्या यंत्राचा अर्धा आग्रह तेथेंच गळाला, कारण पैशाची थैली एकच होती.

उरलेला अर्धा एका म्हाताऱ्या कारागिरानें घालविला. तो शेजारच्या गांवचा. हाती आरा ओढण्यापासून त्याचें आयुष्य लांकडांत गेलें. त्यानें आंब्याभोंवतीं एक फेरी घातली आणि कोयत्याच्या पाठीनें खोडावर जागोजाग ठोकलें. वर ठणठणीत, छातीइतक्या उंचीवर मात्र ढोलासारखा आवाज. तो म्हणाला, "मास्तर, हा पाडायचा नाय, हा उतरवायचा." कारण त्यानें जमिनीवर काडीनें रेघा ओढून दाखविलें. झाड ज्या बाजूस पाडावयाचें तिकडे आधीं व्यासाच्या पांचव्या-चौथ्या हिश्श्याइतकी खाच घेतात. मग मागून काप घेत यावयाचें आणि मध्यें व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढें लांकूड न कापतां ठेवावयाचें. तें बिजागरीचें काम करतें. झाड तिच्यावर वळून हव्या त्या दिशेला जातें. खोड आंतून पोकळ असेल तर बिजागरी होणार कशाची? तें कोणत्याही बाजूस जाईल, आणि आमचा गोठा एका हातावर होता. तेव्हां वर चढून दोरांनीं बांधून फांदी-फांदी उतरविणें हाच मार्ग, आणि झाडावर चढून वापरावयाचें यंत्र लहान नि हलकें लागतें. ज्या आंब्यासाठीं एवढा थोर क्रकच शोधला जात होता, त्याला तो लागणारच नव्हता.

झाड कोणत्या दिशेला पडतें याला आपल्या पूर्वजांनींही महत्त्व दिलें होतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वनसंप्रवेश नांवाचा एक अध्याय आहे. मूर्तीसाठीं लांकूड आणावयास गेल्यावर रात्रीं वृक्षाची पूजा करावी, त्यावर वसणाऱ्या भूतांस दुसरीकडे जाण्याची विनंति करावी, आणि मग मध-तूप लावलेल्या कुऱ्हाडीनें तो तोडावा, असें त्यांत सांगितलें आहे. पूर्व, ईशान्य किंवा उत्तर या दिशांस पडणारा वृक्ष शुभ मानला आहे. आमचा गोठा नैर्ऋत्येस आहे, एवढेंच आम्हीं त्यांतून घेतलें. वहिनींनीं मात्र आदल्या सायंकाळीं आंब्याला हळदकुंकू वाहिलें आणि नारळ ठेवला. त्यावर हंसण्याची पुतण्याची छाती झाली नाहीं.

सरकारी वाटही सोडून चालत नाहीं. महाराष्ट्रांत १९६४ पासून खाजगी जमिनींतील वृक्षतोडीचा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचींत आंबा, फणस, साग हे वृक्ष आहेत. स्वतःच्या परसांतील असले तरी परवानगी लागते. अर्ज केला, पंचनामा झाला, कागद हातीं आला, तोंवर आंबा जागच्या जागीं उभाच होता. मग तीन दिवसांत तो उतरला. मधली पोकळी एवढी निघाली कीं, आमचा धाकटा नातू तींत उभा राहिला.

यंत्र घेतलें तें ७० घनसेंटीमीटरांच्या वर्गांतलें, २० आणि २५ इंचांच्या दोन पट्ट्यांसह. साखळी अगदीं चौकोनी टोंकाच्या दांतांची न घेतां किंचित् गोलटोंकी घेतली. ती थोडी सावकाश कापते, पण मातीनें माखलेल्या लांकडांत धार टिकविते, आणि जांभ्याची धूळ नाहीं असा ओंडका आमच्या वाडींत सांपडणें कठीण. धार गेली कीं नाहीं हें भुशावरून कळतें: चिपाटें उडत असतील तर ठीक, पीठ पडूं लागलें कीं कानस काढावी. पेट्रोलांत एका लिटरास २० मिलिलिटर या प्रमाणांत तेल घालतात. आतांच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें ओल धरतें; म्हणून पावसाळ्यापूर्वीं टांकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवावें.

पहिलें वर्षभर पुतण्यानें त्या म्हाताऱ्याच्या देखरेखीखालींच उभें झाड तोडावें, असें दादांनीं ठरविलें आहे. तूर्त वठलेल्या फणसाचे ओंडके चालले आहेत. विजार, शिरस्त्राण आणि बूट ओटीवरच्या खुंटीला टांगलेले असतात, आणि यंत्राची कळ फिरण्याआधीं वहिनी स्वयंपाकघराच्या दारांतून त्या खुंटीकडे एकदां पाहून घेतात.