ॲरिझोनातला विष्णू

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात विष्णूचे देऊळ आहे आणि ते बांधायला एकही गवंडी लागलेला नाही, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, लेखकराव फराळाने सुस्तावले! पण ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर उभे राहिलो तेव्हा नकाशात छापलेले ‘विष्णू टेंपल’ खरोखरच पलीकडे दिसत होते. पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला, तांबूस-पिवळा, एकटा सुळका. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंच. सौ.ने नकळत हात जोडले. शेजारच्या गोऱ्या बाई कौतुकाने पाहत राहिल्या.

हे नाव क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाचे. १८८२ साली त्याचा या दरीवरचा ग्रंथ निघाला. सुळक्यात त्याला पूर्वेकडच्या देवळाचा आकार दिसला. आता आसपास ब्रह्मा, शिव, बुद्ध, झरतुष्ट्र अशी मंडळीही नकाशावर आहेत.

असा सुळका घडतो कसा? इथे खडकांचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे आडवे आहेत. कोलोराडो नदीने गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत ती चवड खोल कापली. दरी रुंद केली ती मात्र पावसाच्या लोंढ्यांनी आणि फटींत गोठणाऱ्या पाण्याने. चुनखडक आणि वालुकाश्म टणक, त्यांचे उभे कडे होतात. मधले चिकणमातीचे थर मऊ, त्यांचे उतार होतात. मऊ थर झिजला की वरचा कडा निराधार होऊन कोसळतो. दोन्ही अंगांचे ओढे पठाराला असे कुरतडत गेले आणि मध्ये जो तुकडा उरला, तो हा विष्णू. भोवतालचे सारे गेले, म्हणून तो दिसतो!

आपल्या सह्याद्रीचे थरही आडवेच. पण ते लाव्हारसाचे, साडेसहा कोटी वर्षांचे. इथला कड्यावरचा, म्हणजे वयाने सर्वांत लहान चुनखडकच २७ कोटी वर्षांचा. तळाशी नदीकाठी जो काळा खडक आहे, तो सुमारे १७५ कोटी वर्षांचा. त्यालाही नाव विष्णूचेच. त्याच्यावर पुष्कळ ठिकाणी थेट पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म टेकला आहे. मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांची पाने तिथे फाटलेलीच.

आपल्या देवांची नावे वाचून आलेला हुरूप पुढची हकिगत कळल्यावर मात्र थोडा ओसरला. डटनचा ग्रंथ आला त्याच १८८२ साली, इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हवासुपाई लोकांना सरकारने दरीतल्या अवघ्या ५१८ एकरांत कोंडले. वरच्या पठारावर ते शिकार करीत, हिवाळा काढीत. ते सारे हातचे गेले. त्यातली सुमारे १,८५,००० एकर जमीन त्यांना १९७५ साली परत मिळाली. आणि दरीत उतरणाऱ्या पायवाटेवरच्या, त्यांच्याच जुन्या वस्तीच्या जागेला ‘हवासुपाई गार्डन्स’ असे नाव मिळायला २०२२ साल उजाडावे लागले.