पाटी दाराला, पिस्तूल गाडीत

टेक्सासमध्ये दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कधीकधी देवळांच्याही दारावर एक पाटी दिसते. भारतातून नव्याने आलेली माणसं ती वाचायला थांबतात आणि अर्ध्यावर सोडून देतात. तो दंडसंहितेतला मजकूर असतो, एकदा इंग्रजीत आणि एकदा स्पॅनिशमध्ये. अक्षरं निदान एक इंच उंचीची हवीत, रंग उठून दिसणारे हवेत, हेही कायद्यानेच ठरवून दिलेलं. पिस्तूल कपड्याआड लपवून हिंडणाऱ्या परवानाधारकाला अडवायची पाटी वेगळी, कमरेला उघडं लावून हिंडणाऱ्याला अडवायची वेगळी. इथे सगळे त्यांना कलमांच्या आकड्यांनीच ओळखतात: ‘थर्टी-ओ-सिक्स’ आणि ‘थर्टी-ओ-सेव्हन’. 2021च्या सप्टेंबरपासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायच पिस्तूल बाळगता येतं, म्हणून त्यांच्यासाठी तिसरी पाटी आली. बारच्या दारात तर लाल रंगात मोठं ‘51%’. अर्थ असा की निम्म्याहून जास्त कमाई दारूची आहे, तेव्हा पिस्तूल बाहेर. ‘थर्टी-ओ-सिक्स’ किंवा ‘थर्टी-ओ-सेव्हन’ची पाटी डावलून परवानाधारक आत गेला आणि सापडला, तर दंड जास्तीत जास्त 200 डॉलर.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत मखर, महाप्रसाद आणि पार्किंग हे नेहमीचे विषय झाल्यावर हॉलच्या मालकाचा निरोप निघाला. पाटी लावायची का, हे त्याने आम्हाला कळवायला सांगितलं होतं. आमच्या खजिनदारांकडे परवाना आहे, शनिवारी ते नेमाने शूटिंग रेंजवर जातात. ते म्हणाले, “पाटी वाचून मागे फिरेल तो माझ्यासारखा. जो मारायलाच आलाय, तो काय पाटी वाचत बसणार आहे? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.” त्यावर नर्सिंगमध्ये असलेल्या एक वहिनी म्हणाल्या, “आणि भाऊ, आरतीच्या गर्दीत पोरं तुमच्या पायांत घोटाळत असताना ते कमरेला असणार, त्याचं काय?” दोघांचंही खरं होतं. बराच वेळ गेला आणि अखेर आपल्याकडे होतं तेच झालं. पाटीचा निर्णय लांबणीवर पडला आणि सुट्टीवर असलेला एक पोलीस तासाच्या दराने दारात उभा करायचं ठरलं.

खजिनदारांच्या म्हणण्यामागे टेक्सासचा मोठा इतिहास आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. 16 ऑक्टोबर 1991 रोजी किलीन गावात लुबीज कॅफेटेरियाच्या काचेतून एका माणसाने पिकअप ट्रक आत घातला आणि जेवणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. सुझाना हप आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं, पण ते बाहेर गाडीत. लपवून पिस्तूल बाळगायला तेव्हा राज्यात बंदी होती, आणि पकडलं गेलं तर व्यवसायाचा परवाना जाईल, ही त्यांना धास्ती होती. वडील त्या माणसाच्या अंगावर धावून गेले आणि पडले. सुझाना फुटलेल्या खिडकीतून बाहेर निसटल्या, आई मागून येतेय असं समजून. आई नवऱ्यापाशी थांबली होती. तीही गेली. एकूण 23 माणसं गेली. मारेकऱ्यापेक्षा आपला राग कायदे करणाऱ्यांवर आहे, असं त्या पुढे साक्षींमध्ये सांगत राहिल्या. 1995मध्ये टेक्सासने परवान्याचा कायदा केला, 1996मध्ये त्या स्वतः राज्याच्या विधिमंडळात निवडून गेल्या. त्या बाईंना कोणी आकडेवारी ऐकवायला जाऊ नये.

पण त्याच टेक्सासमध्ये 24 मे 2022 रोजी युवाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. शाळेबाहेर आणि आत मिळून तब्बल 376 शस्त्रधारी पोलीस जमले होते. त्या वर्गात घुसायला त्यांनी 77 मिनिटं घेतली. मारेकरी 18 वर्षांचा होता, रायफली त्याने वाढदिवसानंतर रीतसर दुकानातून घेतल्या होत्या. चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली की वाईट माणूस थांबतो, हे वाक्य इथे इतक्यांदा ऐकायला मिळतं की ते खरं आहे की खोटं, याचा विचारच होत नाही. मला विचाराल तर ते कधीकधी खरं आहे. जुलै 2022मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एका 22 वर्षांच्या मुलाने मारेकऱ्याला काही सेकंदांत टिपलं. शस्त्र आणू नका, असा त्या मॉलचा नियम होता. तो नियम मोडल्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही, आणि मीही देणार नाही. त्याच्या वर्षभर आधी कोलोरॅडोतल्या अर्वाडात एका धाडसी माणसाने पोलिसाच्या मारेकऱ्याला असंच ठार केलं आणि त्याची रायफल उचलली. मागून आलेल्या पोलिसाला दिसला तो रायफल हातात धरलेला माणूस. त्याने त्यालाच गोळी घातली. चांगल्या माणसाच्या कपाळावर चांगला असं लिहिलेलं नसतं.

आकडेवारीचे पंडित दोन्ही बाजूंना आहेत. सामूहिक हत्याकांडं बहुतेक बंदूकमुक्त जागांतच होतात, असं एक बाजू सांगते. मुळीच नाही, असं दुसरी. भांडण सगळं व्याख्येचं आहे. कोलंबाइनच्या शाळेत 1999मध्ये हत्याकांड झालं तेव्हा तिथे सशस्त्र पोलीस होता, फ्लॉरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 2018मध्येही होता. मग त्या जागा बंदूकमुक्त धरायच्या की नाही? ज्याला जे उत्तर हवं, त्याने ती व्याख्या घ्यावी.

केंद्रातला कायदा तर आणखी गमतीचा. शाळेपासून 1000 फुटांत बंदूक नको, असं अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, 1990मध्ये ठरवलं. सॅन अँटोनिओमधला बारावीचा एक मुलगा पिस्तूल घेऊन शाळेत आला, पकडला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. 1995मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द झाला. शाळेजवळ बंदूक बाळगणं हा आंतरराज्य व्यापाराचा विषय होत नाही, सबब काँग्रेसला इथे अधिकार नाही, असं न्यायालय म्हणालं. पोरं राहिली बाजूला, वाद झाला तो व्यापाराचा. पुढच्याच वर्षी काँग्रेसने मजकुरात दुरुस्ती करून कायदा परत आणला, पण राज्याचा परवाना असलेल्यांना सूट पहिल्यापासूनच होती. म्हणजे 1000 फुटांच्या या रिंगणाला दार मुळातच ठेवलेलं आहे.

खरोखर बंदूकमुक्त म्हणावी अशी जागा मला या देशात रोजच्या व्यवहारात एकच दिसते, ती म्हणजे विमानतळाच्या तपासणीपलीकडचा भाग. तिथे पाटीच्या जोडीला यंत्र आहे, माणूस आहे आणि हजारांत जाणारा दंड आहे. 2024मध्ये या तपासणीत 6,678 बंदुका सापडल्या आणि त्यांपैकी सुमारे 94 टक्क्यांत गोळ्या भरलेल्या होत्या. त्या बाळगणारे बहुतेक काही हल्लेखोर नव्हेत. पकडल्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं: बॅगेत आहे हे विसरलोच. मला मारेकऱ्याइतकीच या विसरण्याची भीती वाटते. भरलेलं पिस्तूल बॅगेत आहे हे जो विसरतो, तो घरी ते कुठे ठेवत असेल?

इथे माझं आणि खजिनदारांचं खरं भांडण सुरू होतं. त्यांची नजर अनोळखी माणसावर असते, पाटीवाल्यांचीही त्याच्यावरच. 2021 साली या देशात बंदुकीने 48,830 माणसं गेली. त्यांतल्या 26,328 आत्महत्या होत्या. त्यांना कुठल्या दारावरची पाटी अडवणार होती, आणि कुठल्या शूराचं पिस्तूल वाचवणार होतं? शाळांवरच्या हल्ल्यांचा सीक्रेट सर्व्हिसने 2019मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून आणलेली निघाली. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात जानेवारी 2023मध्ये पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने बाईंवर गोळी झाडली, ती आईच्या पिस्तुलाने. शाळा बंदूकमुक्तच होती, दप्तर नव्हतं. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत 2021मध्ये चार मुलं गेली. मारणाऱ्या मुलाला ते पिस्तूल चार दिवसांपूर्वी वडिलांनी घेऊन दिलं होतं. 2024मध्ये तिथल्या न्यायालयाने आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा दिली. या विषयावर गेल्या काही वर्षांत मी जे निकाल वाचले, त्यांत मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो हा.

आणि गाडी. पाटी दिसली की कायदा पाळणारा माणूस पिस्तूल गाडीत ठेवतो आणि आत जातो. शाळेच्या आवारातल्या पार्किंगमध्येही ते तसं राहू शकतं. मग काच फुटते, कप्पा उघडतो आणि ते तिसऱ्याच कुणाच्या हातात जातं. सुझाना हप यांचं रिव्हॉल्व्हर गाडीत राहिलं ही एक शोकांतिका. गाड्यांतून अशी चोरीला गेलेली पिस्तुलं पुढे काय करतात, ही दुसरी, आणि तिच्यावर साक्ष द्यायला विधिमंडळात कोणी जात नाही.

माझ्या कुडाळजवळच्या मामांकडे डुकरा-माकडांपासून बागायत राखायला बारा बोअरची बंदूक होती. परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा, नेमकी काजूच्या हंगामात. “माकडांका आचारसंहिता लागू नाय,” असं मामी करवादायची. पण बंदूक ही सरकारने दिलेली आणि सरकार परत मागू शकेल अशी वस्तू आहे, याबद्दल त्या घरात कुणाला शंका नव्हती. अमेरिकेत ती राज्यघटनेने दिलेली आहे. हा फरक एवढा मोठा आहे की भारतातून ‘बंदी का घालत नाहीत?’ असं विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. बंदी येणार नाही. कुलूप मात्र येऊ शकतं, वयाची अट येऊ शकते. पार्कलंडनंतर बंदूकप्रेमी फ्लॉरिडानेसुद्धा खरेदीचं वय 21 केलं.

शेजारच्या अमेरिकन बाईला मी मुलीला खेळायला पाठवण्याआधी विचारलं, घरात गन आहे का, आणि ती कुलपात असते का? तिला जरासुद्धा राग आला नाही. तिने बेडरूममधलं कपाट उघडून आकडे दाबायची तिजोरी दाखवली, गोळ्यांचा डबा वेगळा, वरच्या फळीवर. हाच प्रश्न आपल्या माणसांना विचारणं मला फार जड गेलं. कुणाच्या घरी जेवायला जाऊन असं विचारायचं म्हणजे त्यांच्या संसारावर संशय घेण्यासारखं. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. खजिनदारांनी सरळ सांगितलं: पलंगाशेजारच्या खणात, भरलेलं. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे चोरांना ठाऊक आहे, म्हणून. तुमच्या मुलाला हे माहीत आहे का, असं विचारल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी एकमेकांकडे बघायला लागले. तो चौदा वर्षांचा आहे.

तुमची मुलं किंवा नातवंडं अमेरिकेत असतील, तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर जेवलात का, थंडी आहे का याच्या जोडीला हेही विचारा: पोरगं खेळायला जातं त्या घरात गन आहे का, आणि ती कुलपात आहे का? लाजू नका. उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर त्यांना आजच विचारून घ्यायला सांगा.