घरधन्याचा हक्क

इंदूरच्या राजवाड्याला लागूनच सराफा आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकाने मिटली की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलब्या मांडल्या जातात. जागा तीच, मांडणी मात्र निराळी. संगणकावर उघडणाऱ्या पानांचेही असेच करता येते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

पान उघडते तेव्हा केवळ मजकूर येत नाही. त्याबरोबर आज्ञांची एक यादीही येते. ती जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली असते. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. या आज्ञा दूरच्या यंत्रावर नव्हे, तर आमच्याच घरात, आमच्याच विजेवर पाळल्या जातात. मग त्यांपैकी कोणत्या पाळाव्यात, हे ठरविण्याचा हक्क घरधन्याचा नव्हे काय?

आमच्या मातोश्रींची दृष्टी अधू झाली आहे. एक मराठी दैनिक त्या पडद्यावर वाचीत. वाचनात रमावे तोच मजकुरावर एक चौकट तरंगत येई, ओळ खाली सरके आणि वाचनाचा धागा तुटे. शेवटी वाचनच सोडावे, असे त्या म्हणू लागल्या. साठ वर्षांची सवय अशी सुटावी, हे आम्हांला पाहवेना.

ब्राउझरमधून जावास्क्रिप्ट सर्वस्वी बंद करता येते. परंतु मग कित्येक पाने कोरी दिसतात आणि बँकेचे व्यवहारही अडतात. जॉर्जिओ माओने यांनी २००५ साली काढलेली नोस्क्रिप्ट ही जोडणी मधला मार्ग दाखविते: आधी सर्वांना मज्जाव, मग ज्याच्यावर विश्वास त्याला परवाना. एरन बूडमन यांनी २००४ साली आरंभिलेली ग्रीसमंकी त्याही पुढे जाते. तिच्यायोगे आलेल्या पानावर आपल्या स्वतःच्या आज्ञा चालविता येतात. आम्ही दहाबारा ओळी लिहिल्या: अक्षर मोठे करावे, तरंगती चौकट लपवावी. दैनिकाच्या मूळ पानाला यामुळे धक्का लागत नाही. बदलते ती आमच्यापुढची प्रत. जाहिरातींवर दैनिकाचे पोट चालते, हे आम्ही जाणतो. म्हणून बाजूच्या जाहिराती जागच्या जागी ठेविल्या आहेत.

मात्र एक सावधगिरी हवी. परक्याने लिहिलेल्या आज्ञा न वाचता घरात घेणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या देणे होय. ज्या पानावर त्या चालतात, तेथे टंकलेले सर्व काही त्यांना वाचता येते. म्हणून त्या कोणत्या पत्त्यावर चालाव्यात, हे आरंभीच नमूद करावे लागते. आम्ही तेथे त्या एका दैनिकाचाच पत्ता लिहिला आहे.

हल्ली मातोश्री अग्रलेख शेवटपर्यंत वाचतात, आणि जेवताना संपादकांचा समाचारही घेतात.